दगडाची कोरी बाजू

सालवडच्या चाळींमधून शिवाजी तांदळे पावती पुस्तक काखेत मारून निघाला, की निम्म्या घरांत एकाएकी अंघोळी सुरू होत. भरदुपारी, तिन्हीसांजेला, केव्हाही. बाहेरून हाक आली की आतल्या नळाचा आवाज मोठा होई आणि घरची बाई सांगे, हे न्हाणीत आहेत, वेळ लागेल. शिवाजी म्हणे, लागू द्या की, मला कुठं गाडी पकडायचीय, आणि उंबऱ्याशी ऐसपैस बसकण मारी. वीसेक मिनिटांनी आतला गडी कोरड्याच अंगाने बाहेर येई आणि एकशे एकला तयार झालेला तो माणूस दोनशे एक्कावन्नची पावती घेऊन परत आत जाई.

हाच शिवाजी स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की मुका व्हायचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तो बॉयलरवर कामाला होता. अठरा वर्षांत रजेचा अर्ज खिशात घालून तो सुपरवायझरच्या दारावरून कितीदा तरी परत फिरला होता. लेकीच्या बारशाची अर्धी रजा मागायची की नाही ह्या विचारात दोन दिवस गेले, आणि तो घरी पोचला तेव्हा नाव ठेवून, घुगऱ्या वाटून बायका उठल्याही होत्या. पण गणेश मंडळासाठी असो, कुणाच्या ऑपरेशनसाठी असो, दुसऱ्यासाठी मागताना त्याच्या जिभेला हाड नसे. लोक त्याला पाठीमागे 'पावती' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

त्याच्या कारभाराची सगळी मदार एका फलकावर होती. मांडवाच्या तोंडाशीच तो वर्गणीदारांच्या नावांचा फलक लावी. जास्त देणारा वर, कमी देणारा खाली. पाचव्या ओळीतल्या माणसाला चौथ्या ओळीतलं नाव बघवत नसे, आणि तो आपणहून पाकीट काढी. देव बघतो की नाही ह्याची शिवाजीला खात्री नव्हती, शेजारी मात्र नक्की बघतो, हे त्याने पुरतं ओळखलं होतं.

त्याची लेक प्रतीक्षा शिसवपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला होती. शाळा वसाहतीच्या मागच्या अंगाला, तिच्यामागे टेकडी आणि टेकडीवर पाडा. निम्मी मुलं सालवडच्या चाळींतली, म्हणजे बीड, जळगाव, सांगलीकडून पोटासाठी आलेल्यांची, चार-दोन उत्तर प्रदेशातली. निम्मी पाड्यावरच्या वारली घरांतली. चाळीतली खालून येत, पाड्यावरची वरून उतरत आणि फाटकाशी दोन्हींची गाठ पडे. शाळेत मुलींच्या संडासाला दार होतं, पण ते बिजागरीतून निखळून भिंतीला टेकलेलं असे. पाण्याची टाकी होती, तिच्यात पाली नांदत होत्या.

प्रतीक्षा शाळेतून आली की दप्तर दारातच टाकून आत पळायची. पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली तशीच भरलेली परत यायची. शिवाजीची बायको भावना हे महिनाभर बघत होती. एका रविवारी तिने त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता विषय काढला. ती म्हणाली, "गणपतीला झालरीचा पडदा लावता. पोरीच्या संडासाला एक दार लावता येत नाही का तुम्हाला?" शिवाजीने तोंडातला घास तसाच गिळला. भावना कधी आवाज चढवत नसे, त्यामुळे तिचं बोलणं लागायचं तिथे बरोबर लागायचं.

दुसऱ्याच दिवशी पहिली पाळी संपवून तो शाळेत गेला. मुख्याध्यापिका स्नेहा मॅडम चार वर्षं वर प्रस्ताव पाठवून थकल्या होत्या. त्यांना तर हा माणूस देवानेच धाडल्यासारखा वाटला. पालकांची बैठक झाली. बोईसरात हार्डवेअरचं दुकान असलेला कमलेश टाइल्स आणि पाइप आपल्याकडून द्यायला तयार झाला. त्याची धाकटी मुलगी तिसरीला होती. दिवाळीचा बोनस लोकांच्या हातात होता, तो खर्च व्हायच्या आत शिवाजीने चाळी पालथ्या घातल्या. त्या महिन्यात सालवडात फार अंघोळी झाल्या.

पाड्यावरही जाऊ या का, असं मॅडमनी एकदा विचारलं होतं. शिवाजीने मान हलवली. म्हणाला, त्यांच्याकडे काय मागायचं, मॅडम. दिवाळी झाली की ती माणसं वीटभट्ट्यांवर जातात ती होळीलाच परत येतात. वर उरतात म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. हे तो अगदी मनापासून बोलला. त्याचे स्वतःचे आईबाप बीडहून ऊसतोडीला जायचे. दसऱ्यानंतर कुलूप लागलेलं घर त्याने लहानपणी बघितलं होतं. न मागून आपण त्या लोकांची लाज राखतोय, असंच त्याला वाटलं.

बांधकाम झपाट्याने झालं. आतून कडी लागणारे दोन संडास, हात धुवायला बेसिन आणि बाहेरच्या भिंतीला गाळलेल्या पाण्याचे तीन नळ. शाळेची बोअर आटलेली होती, म्हणून टेकडीच्या पायथ्याच्या विहिरीत मोटार सोडून पाइप आणला. ग्रामसेवकाची परवानगी एका फेरीत मिळाली. कमलेशच्या माणसांनी तीन दिवसांत चर खणून बुजवलाही. नळांच्या वर, जाता-येता नजर पडेल अशा जागी, शिवाजीने काळ्या ग्रॅनाइटचा दगड बसवला आणि त्यावर चौसष्ट नावं कोरून घेतली.

सगळ्यात वर होतं 'कै. सुंदराबाई तांदळे'. ही त्याची आई. तिच्या नावाने त्याने दोन महिन्यांचा ओव्हरटाइम घातला होता, म्हणजे ती जागा तिची हक्काचीच होती. सुंदराबाईने बावीस हंगाम ऊस तोडला. मुकादमाच्या कागदावर तिचा नुसता अंगठा असे. नाव म्हणाल तर रेशनकार्डावर आणि मतदार यादीत, आणि दोन्हीकडे चुकलेलं. दगड बसवला त्या दिवशी शिवाजी तिथेच उभा राहून ते एकच नाव पुन्हा पुन्हा वाचत होता. आपल्या हातून आयुष्यात एक गोष्ट धड झाली, असं त्याला वाटलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर प्रतीक्षाने पहिला नळ सोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारी संपता संपता एका संध्याकाळी प्रतीक्षा जेवताना सहज बोलून गेली, की चिमी नव्या संडासात जात नाही आणि नळाचं पाणीही पीत नाही. चिमी वरठा म्हणजे तिच्या बाकावरची. पाड्यावरची. सगळ्या वर्गात वाचायला तिच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं, टेम्पोच्या मागचं, खताच्या गोणीवरचं, जे दिसेल ते ती मोठ्याने वाचत सुटे. आता ती मधल्या सुट्टीत टेकडी चढून घरी जाते आणि बरेचदा दुपारी परत येतच नाही. तिच्यामागून पाड्यावरच्या आणखी चार-पाच मुलीही जातात. मॅडमनी हजेरीत दोनदा लाल शेरा मारलाय. असंच चाललं तर पुढच्या वर्षापासून येणार नाही, असं चिमी म्हणते.

शिवाजीच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते कमलेशचं. बांधकाम चालू असताना तो एकदा म्हणाला होता, की ज्यांनी दिलं त्यांच्यापुरतं कुलूप करू, नाहीतर आठ दिवसांत वाट लागेल. शिवाजीने तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्याचं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून तडक शाळेत गेला, भांडायच्या तयारीने. जाऊन बघतो तर कुठे कुलूप नाही, कुणी राखणदार नाही, दारं सताड उघडी. मॅडमनी सांगितलं, की मी प्रार्थनेच्या वेळी तीनदा बजावलंय, सगळं सगळ्यांचं आहे. सगळ्या मुली माना डोलावतात आणि पाड्यावरच्या घरी जातात.

मग चिमीला बोलावलं. बारीकशी, तेल चोपडलेल्या दोन वेण्यांची पोरगी. शिवाजीने तिला जवळ बसवून विचारलं, कुणी रागावलं का, कुणी नको म्हटलं का. तिने दोन्ही वेळा मान हलवली. मग नळांच्या वरच्या दगडाकडे बोट करून ती म्हणाली, "माझ्या बापाचं नाव नाय तिथं. मी सगलं वाचलं. दोन वेला वाचलं."

शिवाजीला काही केल्या उमजेना. नाव नाही म्हणून काय झालं? तेव्हा मॅडमनी त्याला समजावलं. त्या नऊ वर्षं ह्या शाळेत होत्या, पाड्यावरच्या लग्नांना जाऊन आल्या होत्या. पाड्यावर लग्न निघालं की घराघरांतून हंडे, पातेली, परातींची जमवाजमव होते. लग्न उरकलं की भांड्यांवरची नावं वाचून ज्याची त्याला पोचती करतात. वाचणारं माणूस कोण, तर गेली दोन वर्षं चिमी. ज्याचं नाव, त्याची वस्तू, आणि ती त्याला विचारल्याशिवाय वापरायची नाही, हे ती पोरगी अक्षरं शिकली तेव्हापासून शिकली आहे. दोन-तीन हंडे तेवढे बिननावाचे आहेत. ते पाड्याचे, मधल्या एका झोपडीत ठेवलेले असतात, लागतील त्याने न्यावेत. मॅडम म्हणाल्या, "तिने तुमचा दगड बरोबर वाचला, तांदळे भाऊ. चूक तिची नाही. माझ्याही हे आत्ता तिचं ऐकून लक्षात आलं."

शिवाजी घरी चालत निघाला. वाटेत त्याला आई आठवली. साखर कारखान्याच्या आवारात नळ सगळ्यांसाठी उघडा असायचा, पण ती कळशी खाली ठेवून आधी आसपास बघायची, कुणी दिसलं तर विचारायची, भरू का हो. शिवाजीला लहानपणी त्याची फार लाज वाटे. आणि आता त्या आईचं नाव नळाच्या डोक्यावर लावून आपण एका पोरीला तहानलेली परत पाठवतोय, हे मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. रस्त्यात माणसं होती, म्हणून त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

तोडगा मात्र त्याने आपल्या सवयीचाच काढला. जिव्या वरठाचं, म्हणजे चिमीच्या बापाचं, नाव पासष्टावं म्हणून खाली कोरायचं. कमलेशला सांगितलं तर तो उखडला. न देता नाव टाकलं तर मग आम्ही दिलं कशाला, असा त्याचा रोकडा सवाल. ते शिवाजीलाही पटलं, कारण त्याच्या स्वतःच्या धंद्याचाच तो नियम होता. मग ठरलं, की जिव्याकडून नावाला अकरा रुपये घ्यायचे, पावती फाडायची, नाव टाकायचं. होळीला तो येईलच.

होळीच्या सकाळी पावती पुस्तक काखेत मारून शिवाजी टेकडी चढला. अठरा वर्षं तो इथून हाकेच्या अंतरावर राहत होता आणि पाड्यावर पहिल्यांदाच जात होता. पायथ्याशी विहीर लागली. दोन बायका दोरीने पाणी शेंदत होत्या, कळशी वर यायला वेळ लागत होता. शेजारून शाळेचा पाइप विहिरीत उतरला होता. पाइप अजून कसा नव्याकोरा दिसतोय, एवढंच शिवाजीच्या मनात आलं आणि तो वर गेला.

जिव्या दोनच दिवसांपूर्वी भिवंडीकडच्या भट्टीवरून परतला होता. अंगणात होळीसाठी लाकडं साळत होता. त्याने बाज टाकली, चिमीने पाण्याचा तांब्या आणून दिला. शिवाजीने सगळी हकिकत सांगितली, काही लपवलं नाही. शेवटी अकरा रुपयांवर आला. जिव्याने कोयता खाली ठेवला, आत जाऊन शंभराची नोट आणली.

"अकरा कशाला शेट, शंभर लिवा. भट्टीवरनं आलोय, हाय माझ्याकडं." मग नोट हातातच ठेवून त्याने विचारलं, "एक इचारू? आमच्या इहिरीत तुमी पाइप टाकला. त्याची पावती कुनी फाडली?"

जिव्या रागावलेला नव्हता. तो संथपणे सांगत राहिला, की विहीर पाड्याने खणली, सरकारने नंतर कठडा बांधला. त्याचा बाप होता खणायला, चुलते होते, सगळी घरं होती, दोन उन्हाळे लागले. कोणाचं नाव लावायचं कुणाला सुचलं नाही. आता सकाळी सातला शाळेची मोटार चालू होते, बायकांच्या पाण्याच्या वेळेलाच. तळ दिसतो, मग पाणी परत साचायची वाट बघत बसावं लागतं. शिवाजी कसंबसं म्हणाला, की तुम्ही लोक तेव्हा इथं नव्हता.

"आमची म्हातारी होती ना," जिव्या म्हणाला. "तिला इचारायचं. ती नाय बोलली नसती. पोरांचं पानी हाय, नाय कोन बोलंल?"

आता मात्र शिवाजीला बाजेवर बसवेना. वर्गणी मागायची वेळ आली तेव्हा आपल्याला ह्या लोकांची कणव आली होती. पाणी घ्यायची वेळ आली तेव्हा ते लोक आठवलेही नव्हते. तो उठून उभा राहिला आणि जे मनात आलं ते तसंच बोलला. "जिव्याभाऊ, मागायला लाजलो मी. घ्यायला लाजलो नाही."

जिव्याने त्याला हाताला धरून परत बसवलं. नोट त्याच्यापुढे धरली. शिवाजीला ती घेववत नव्हती, पण आता नको म्हणणं म्हणजे दिवाळीतलीच चूक दुसऱ्यांदा करणं, हे त्याला उमगलं. त्याने नोट घेतली, पावती फाडली. जिव्याने ती चिमीकडे दिली, चिमीने मोठ्याने वाचली. आणि मग जिव्याने ती गोष्ट विचारली, जिच्यामुळे शिवाजीचं सगळंच गणित फिसकटलं.

"आता माझं नाव लागंल. चिमी पानी पिईल. बाकी घरांच्या पोरींनी काय करायचं? पुढल्या साली नवी येतील त्यांनी? पोर शालेतली हाय, तेवढं पुरं नाय का?"

टेकडी उतरताना शिवाजी विहिरीशी थांबला. त्या बायका अजून तिथेच होत्या. त्याने त्यांना विचारलं, मोटार कधी चालू केली तर बरं पडेल. त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, दुपारी. एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारायला तीन महिने लागले होते.

घरी येऊन त्याने भावनाला सांगितलं, की दगड काढायचा. भावनाने फक्त एक विचारलं, आणि आईंचं नाव? शिवाजी पावती पुस्तकाचा कोपरा दुमडत बसला. गणपती उत्सवात त्याने लोकांना ओळीओळीने वर चढवलं होतं, नावासाठी माणूस काय करतो ते त्याच्याइतकं सालवडात कुणाला माहीत नव्हतं. आता त्याच लोकांच्या घरी जाऊन नाव सोडा म्हणायचं होतं.

तो गेला. सवयीने पुस्तक काखेतच होतं, त्यामुळे अंघोळीही सुरू झाल्या. शिवाजी उंबऱ्याशी बसून आतल्या नळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगे, की ह्या खेपेला पैसे नकोत, नाव परत द्या. नळ बंद होई. काहींना आधी ही चेष्टाच वाटली. कोल्हापूरकडच्या एका म्हाताऱ्या फिटरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, अरे, मी तर दगड वाचलापण नाही, काढ की. एकाने मात्र आणखी शंभर देतो पण नाव ठेव, असं सांगितलं, आणि शिवाजीला हसावं की रडावं कळेना, कारण हे औषध त्याचंच होतं. प्रत्येक घरात तो चिमीची गोष्ट सांगे, विहिरीची सांगे आणि स्वतःची चूकही सांगे. स्वतःसाठी मागताना जशी जीभ अडखळायची तशी आता अडखळत होती. तरी तो सांगत राहिला. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत बासष्ट घरांनी हो म्हटलं.

उरला कमलेश. तो म्हणाला, "नाव नको असेल तर टाइल्सपण नकोत. उकरून नेतो."

"न्या," शिवाजी म्हणाला. "पण खोडायला सुरुवात वरून करायची. पहिलं नाव माझ्या आईचं आहे."

कमलेश दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे वळला, खिळे मोजून दिले, पैसे घेतले आणि परत आला. सुंदराबाई वारली तेव्हा बीडला जायला गाडी करून देणारा हाच होता. तो कुरकुरत म्हणाला, की दगड सिमेंटने बसवलाय, ओढून काढला तर फुटेल, भोवतालच्या टाइल्स जातील, आणि त्या नक्षीच्या टाइल्स आता येत नाहीत. म्हणजे नाही म्हणण्यातली धार गेली होती, पण होही म्हणवत नव्हतं. शिवाजीने हे घरी सांगितलं तेव्हा पुढची वाट भावनाने काढली. ती म्हणाली, फोडता कशाला, कडेने सोडवून उलटा बसवा. नावं भिंतीच्या बाजूला, कोरी बाजू बाहेर. चादर मळली की आपण उलटी घालतो तसं. हे कळल्यावर कमलेशने विचार केला. नाव राहतंय ना? राहतंय. दगडावरच ना? दगडावरच. मग त्याची काही हरकत नव्हती, आणि गवंडीही त्यानेच पाठवला.

मोटार आता दुपारी, बायकांचं भरून झाल्यावर सुरू होऊ लागली. तिच्या पेटीची किल्ली चिमीच्या आजीकडे असे, कारण जिव्या पुन्हा भट्टीवर गेला तरी ती पाड्यावरच राहणार होती. जायच्या आधी जिव्या आणि पाड्यावरचे सहा-सात गडी येऊन, विहिरीपासून पाड्याच्या वाटेवर एक वेगळा नळ काढायला चर खणून गेले. पाइप कमलेशचा. शिवाजीने त्या कामाची कुठे नोंद केली नाही आणि कुणी विचारलीही नाही.

एप्रिलमधल्या एका सोमवारी गवंड्याने दगड सोडवला. भिंतीला टेकवून ठेवला तेव्हा शिवाजीने खाली बसून आईच्या नावावरून बोट फिरवलं. एकेक अक्षर. गवंड्याने हातातली थापी खाली ठेवून विडी पेटवली आणि त्याला वेळ दिला. भावना म्हणाली, आईंचं नाव आता पाइपाच्या अंगाला राहील, पाण्याच्या बाजूला. शिवाजीने मान डोलावली. मग त्याने उठून स्वतः हात लावला आणि दगड उलटा बसवला गेला. काळा, गुळगुळीत, त्यावर काही नाही.

मधली सुट्टी झाली. पोरं खिचडीच्या ताटांकडे धावली. चिमी नेहमीसारखी टेकडीच्या वाटेला लागली होती, प्रतीक्षाने तिला दंडाला धरून वळवलं. चिमी नळांपुढे येऊन उभी राहिली. तिने दगड वरून खाली बघितला. मग बाजूला सरकून कडेने बघितला, तिथे तरी काही बारीक लिहिलंय का. पाड्यावरच्या चार-पाच जणी तिच्यामागे थांबल्या होत्या, काय वाचते ते ऐकायला. शिवाजीच्या मनात आलं, पुढे व्हावं, समजावून सांगावं. पण ह्या पोरीला वाचून दाखवायची गरज पडत नाही, हे तो आता शिकला होता. तो व्हरांड्याच्या खांबाशीच उभा राहिला.

"नाव नाय," चिमी मागे वळून म्हणाली. "पाड्याच्या हंड्यावानी हाय. सगल्यांचं."

तिने नळ सोडला, ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायली, ओला हात तोंडावरून फिरवला. मागच्या मुली पुढे सरकल्या. चिमी त्यांच्यातून वाट काढत संडासात गेली, दार लोटलं आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. शिवाजीने तो आवाज ऐकला. थोड्या वेळाने घंटा झाली. चिमी प्रतीक्षाबरोबर दुपारच्या वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसली.